बाटलीतली चिठ्ठी

सलाला. एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय.
बशीत सात पाय; आठवा वेगळ्या नळीत.
धड एकसंध, कंबर नाही, म्हणजे कोळी नव्हे.
ना विष, ना सूत. पाठीवर बुरूज,
बुरुजावर दोन डोळे, दोन्हीकडे बघणारे.

वंश ठरतो नराच्या लिंगाच्या टोकावरून.
डॉक्टर मुसल्लम आकडे सांगतात,
मी उतरवतो, गंभीर चेहऱ्यानं.
"वंशच नवा आहे हा!"
आणि समोरचा चहा तसाच निवतो.

नाव डोंगराचं ठेवलं, लॅटिन शेपूट लावून.
मीच धरला होता हा, धुक्यात,
गोठ्यामागच्या दगडाखाली.
पाय चिमट्यात सोडून चार वीत पळालासुद्धा,
आणि पाय हलत राहिला
कितीतरी वेळ,
अजून कुणाचा तरी असल्यासारखा.

चिठ्ठी बोटाच्या पेराएवढी:
ठिकाण, उंची, तारीख, संग्राहक.
माझं नाव त्यांनी बताक्यावरून घेतलं. कंबल.
एकोणीस वर्षं या देशात मी कंबलच आहे,
हुद्दा हेल्पर.

ते नमाजाला गेले.
मी बारीक टोकाचं पेन काढलं,
के आणि ए यांच्यामध्ये
एक एच घुसवला.

खांबल.
पुढे मु. पो. लिहायला गेलो.
गाव मावलं नाही.