उजेडासमोर धरलेला कागद

सिव्हिलमध्ये सहालाच दिवे मालवतात.
वॉर्डाला पूर्वेची एकच खिडकी,
आणि तिच्यातून येणारा
त्र्यंबक रोडवरच्या पहिल्या बसचा आवाज.

बाबा एक्स-रे मागतात.
दोन्ही हातांनी, फक्त कडांना धरून,
अंगठा उमटणार नाही असा
खिडकीसमोर धरतात.
चौतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
असेच धरले त्यांनी नोटांचे ताव.

डाग शोधायचे. हललेली रेघ. फिकटलेला आकडा.
दिवसाला किती लाख हाताखालून जायचे
ते घरी कधी सांगितलं नाही,
आणि पगाराच्या आदल्या आठवड्यात
आई जेल रोडच्या वाण्याकडे वही घेऊन जायची,
मला पुढं करून.
गेटवर रोज झडती. खिसे उलटे.
“रिकामे खिसे दाखवायची मला सवय आहे,”
प्रार्थनेला बसताना बाबा म्हणायचे,
“तोही बघतो. बघतो आणि घरी सोडतो.”

वॉटरमार्क शाईचा नसतो, केतुरा,
कागद ओला असतानाच बसतो लगद्यात.
सुकल्यावर कुणाच्या बापाला घालता येत नाही.
मी तेव्हा सात वर्षांची होते,
मला फक्त ‘लगदा’ हा शब्द आवडला होता.

आता उजव्या फुप्फुसात पांढरा ढग.
डॉक्टरांनी त्याभोवती पेनानं गोल काढला.
बाबा त्या गोलाकडे बघतच नाहीत.
ते बघतात कडेला, जिथं फिल्म कोरी आहे.

माझा तेवढा विश्वास नाही.
सातपूरच्या कंपनीला कुलूप लागून पाच महिने झाले.
राखेच्या बुधवारी मी चर्चला गेले नाही,
आणखी राख कशाला, म्हटलं.
पाळक येऊन गेले. देव परीक्षा घेतो, म्हणाले.
मी त्यांना चहा विचारला नाही.

रात्री अडीचला बाबांना ढास लागली.
नळाखाली तस्त धुताना
मी एवढंच म्हटलं: बघतोयस ना.
प्रश्नचिन्ह लावलं की नाही, आठवत नाही.

शेजारच्या खाटेपाशी सुरगाण्याची यमुना गावित,
नवऱ्याच्या उशाला बसलेली.
तिनं नागलीची भाकर मोडून
अर्धी माझ्या हातावर ठेवली, वर लसणाची चटणी.
बाबांनी अर्ध्यातली अर्धी मागितली,
सहा दिवसांत पहिल्यांदा,
आणि डोळे मिटून मोठ्यानं आभार मानले:
“प्रभू, यमुनाबाईंच्या तव्याबद्दल.”
तव्याबद्दल!
ती पदर तोंडाला लावून हसली.
“तुमचा देव तवे पण मोजतो का?”
“सगळं मोजतो,” बाबा म्हणाले,
“माझ्याच खात्यातला आहे.”

गुरुवारी पहाटे तिचा नवरा गेला.
गाडी मिळेपर्यंत ती जिन्यात बसून होती,
मांडीवर रिकामा डबा.
त्या दिवशी बाबांनी आभार मानले नाहीत.
मेंढपाळाचं स्तोत्र सुरू केलं
आणि दरीपाशी थांबले.
बराच वेळ थांबले.
मला वाटलं, सुटलं आता हातातून.

“पलीकडे जाऊन तो वाट बघत नाही गं,” शेवटी म्हणाले,
“इथंच असतो. खाली.
म्हणून तर दिसत नाही.”
मग ढास. मग तस्त.

सकाळी औषधांची चिठ्ठी
मी खिडकीसमोर धरून पाहिली, उगाच.
साधा कागद. सरकारी. आत काही नव्हतं.
फक्त मागून माझ्याच बोटांची सावली,
आणि तिच्याही मागून
थोडं, पिवळं, येतच राहिलेलं ऊन.

त्र्यंबक नाक्याकडून घंटा झाली.
खालच्या मेडिकलमध्ये रांग होती.
पाळक पुन्हा आले
तर आज चहा विचारीन.