एस्पेरांसाच्या नावातली शेपटी

सांतिनेजला, लोखंडी सामानाच्या दुकानावर दोन खोल्या.
खाली खिळे किलोवर विकतात,
वर आम्ही सॉफ्टवेअर.
एव्हारिस्त सर म्हणाले, पहिला महिना फक्त वाच.
मी म्हटलं, पुस्तकं?
ते म्हणाले, छे. दुसऱ्यांच्या चुका.

तर मी वाचत होते
नऊ वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या कुणा वामनाचा कोड.
मधेच एक शेरा : हे का चालतं माहीत नाही, हात लावू नये.
मी हात लावला नाही.
तीन आठवडे त्या ओळीला वळसा घालत राहिले,
धक्क्यावर झोपलेल्या कुत्र्याला घालतात तसा.

बाबा फेरीबोटीवर. रायबंदर ते चोडण.
रात्री जेवताना विचारायचे, आज किती?
त्यांच्या अडतीस फेऱ्या झालेल्या असायच्या,
दोराचे वळ तळव्यावर.
मी म्हणायचे, दोनशे ओळी वाचल्या.
लिहिल्या किती?
एकही नाही.
आणि पगार?
पगार तोच.
ते हुमणात भात कालवत राहायचे.

कॉलेजात मीच म्हणायचे, फेरीबोट म्हणजे लूप.
आता म्हणत नाही.
लूपला ओहोटी लागत नाही,
कुणाची स्कूटर फळीवर बंद पडली म्हणून
लूप खोळंबत नाही.

मग पतसंस्थेतून फोन आला.
काउंटरवर एस्पेरांसा कॉन्सेसांव,
वय एक्याऐंशी, छत्री, पासबुक,
पासबुकावरच्या नावात तीन प्रश्नचिन्हं.
म्हणाली, बाये, बाप्तिस्म्याला हे नाव दिलं
तेव्हा कुणी मला काही विचारलं नव्हतं.
आता हे मशीन काय विचारतंय?

मला ठाऊक होतं काय विचारतंय.
रकान्याला तिची अक्षरं येत नव्हती :
सी-खालची शेपटी, ए-वरची लाट.
जे येत नाही त्याच्या जागी यंत्र प्रश्नचिन्ह ठेवतं
आणि मूळ विसरून जातं. कायमचं.
वामन ज्याला हात लावू नये म्हणाला, ती हीच ओळ.

दुरुस्ती तेवढ्या एका ओळीची.
केली. दोनदा तपासली. सरांनी मान हलवली.
जिना उतरताना मी मोठ्यानं हसले,
तराजू धरलेल्या कामतमामांनी वर पाहिलं.

पण ती फक्त पुढच्या नावांपुरती.
जुनी तीनशे बारा प्रश्नचिन्हांतच अडकलेली,
आणि ती कुठल्याच कोडनं परत येणार नव्हती.
संस्थेच्या माळ्यावरून रजिस्टर उतरवलं,
शाई तपकिरी, कडा कसरीनं खाल्लेल्या,
आणि अकरा दिवस एकेक नाव हातानं भरत बसले.
ह्यासाठी का अल्गोरिदम शिकलो,
असं दुसऱ्या दिवशी वाटलं.
सातव्या दिवशी वाटेनासं झालं.

एका पानावर, माझ्या यादीत नसलेलं नाव :
माझे आजोबा. शेअर एक, रुपये दहा.
त्यांच्या नावात शेपटी नव्हती, लाट नव्हती,
यंत्रानं ते धड आणलं होतं.
सहीच्या जागचा अंगठा तेवढा मागे राहिलेला,
निळा, रेषा अजून मोजता येतील असा.
अंगठ्याला रकाना नव्हता.
खूप वेळ कर्सर लुकलुकत होता.
मग कोडमध्ये, सहीच्या रकान्यापाशी,
मी माझा पहिला शेरा लिहिला :
इथे काहीतरी होतं. रिकामं समजू नये.

एस्पेरांसा शुक्रवारी आली. पासबुक छापून दिलं.
चष्मा पुसून तिनं शेपटीवर बोट ठेवलं,
आयली पळय, म्हणाली,
जणू मांजर घरी परतलं.
मग पान उलटलं,
आणि आता व्याज बघ, म्हणाली,
मागच्या जूनचे चौदा रुपये कमी आहेत.

मी तपासलं.
होते.