एकतीस मार्चचं पान

तार्तूच्या छापखान्यात मी कॅलेंडर जुळवायचे,
रोज एक पान फाडायचं, तसलं.
वर तारीख, सूर्य कधी उगवेल, कधी बुडेल,
आणि तळाशी एखादं वाक्य,
लोकांनी सकाळच्या कॉफीबरोबर गिळावं म्हणून.

त्या वर्षी एकतीस मार्चला
दोन ओळींची जागा आ वासून राहिली.
किविसिल्डसाहेब म्हणाले, "हेल्वी, भर काहीतरी.
रिकामी बशी आणि रिकामं पान
गिऱ्हाईक परत पाठवतं."

मला लेओन्तीने मावशी आठवली,
कल्लास्तेच्या काठावर मासे धुरावणारी,
बोटांना बारा महिने कांद्याचा वास.
मी शिशाची अक्षरं उचलली,
उलटी, आरशातून बघावीत तशी:
बर्फ आधी कडेला वितळतो.

"कोण म्हणालं हे?"
"माझी मावशी."
साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.
"मावशा सगळ्यांनाच असतात, हेल्वी,"
आणि स्वतःच्या हातानं खाली जोडलं,
पूर्वेकडचा एक ज्ञानी.

कल्लास्ते तार्तूच्या पूर्वेलाच येतं.
तेवढ्यावर मी गप्प बसले.

मग मी जाईन तिथं ते वाक्य
माझ्या आधी खुर्ची धरून बसलेलं असायचं.
न्हाव्याच्या आरशाला चिकटवलेलं.
एका लग्नात वधूचा काका पेला उंचावून ते म्हणाला,
चार वर्षांनी तीच वधू
सामान बांधताना तेच म्हणाली.
आणि एका हिवाळ्यात कुणीतरी
स्टेशनच्या भिंतीवर खडूनं लिहिलं.
दोन शिपाई बादली घेऊन आले,
घासत राहिले, घासत राहिले.
आपण कुणाच्या तरी कडेला राहतो
हे तेव्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं,
नुसतं बोलायचं नव्हतं.

मी बस पकडली, मावशीला सांगायला गेले.
ती मासे उलटत होती.
"असं मी कधी म्हणाले?"
"आम्ही सरोवरावरून शाळेतून यायचो तेव्हा."
"मी म्हणाले, कडेनं येऊ नका.
पुढचं आपलं कारण म्हणून सांगितलं."
बराच वेळ लाकूड तडतडत राहिलं.
"युहान बुडाला तेव्हा काठ अकरा पावलांवर होता.
मी मोजली होती."

हे कुठल्याच पानावर आलं नाही.

निघताना दारात येऊन म्हणाली,
आणि ते माझं नाहीच मुळी.
मिठाची स्लेज आणायचा त्या म्हाताऱ्या एल्मारचं.
त्याला विचारलंस तर तो घोड्याचं नाव सांगेल.
मार्च लागला की घोडा कडेला येऊन थबकायचा,
चाबकालाही जुमानायचा नाही.

मावशी गेली तेव्हा पाद्रीबाबांनी
शवपेटीशी उभं राहून तेच वाक्य वाचलं,
पूर्वेकडच्या ज्ञान्याचं म्हणून,
गळा दाटून.
मी मान खाली घातली.
लोकांना वाटलं, रडते आहे.
शेजारच्या बाकावर एल्मारची नात
दोन्ही हातांनी तोंड दाबून बसली होती.
आमची नजर एकदाच भिडली,
पुन्हा भिडू दिली नाही.

आता मी त्याच घरात राहते.
परवा एक पोरगा दप्तर पाठीला लावून
सरोवरावरून सरळ काठाकडे येत होता.
पायाखालचा बर्फ राखाडी झालेला.
मी ओरडले, या वयात येईल तितका आवाज काढून,
"कडेनं येऊ नको!
बर्फ आधी कडेला वितळतो!"

तो थांबला. हसला.
"आजी, हे त्या ज्ञान्याचं ना?
आमच्या वर्गात लावलंय."

"हो रे बाबा, त्याचंच," म्हटलं,
"आधी पाय मागे घे."