वाचून पाहिला, बरोबर आहे

नाना पेठेत माझी किल्ल्यांची टपरी,
समोर ढमढेरेंचं गाद्यांचं गोदाम.
म्हणून पोलिसांना पंच हवा असला
की आधी मीच दिसतो.

पहिल्यांदा जळालं ते संक्रांतीच्या आठवड्यात.
ओल्या राखेत उभं राहून हवालदारानं लिहिलं,
कारण: शॉर्टसर्किट असावे.
शेगडी मला दिसत होती. कापसाच्या ढिगापासून हातभर,
तिच्यावर तळ गेलेलं चहाचं पातेलं.
म्हटलं, साहेब, ती शेगडी...
ते म्हणाले, सही इथं.
खाली ओळ होतीच:
वाचून पाहिला, बरोबर आहे.

दुसऱ्यांदा वेल्डिंगची ठिणगी.
शेजारी शकूबाई रफूवाली,
तिच्या दोन्ही मशीनचे सांगाडे राहिले.
ढमढेरे दंड भरून आले, सगळ्या गल्लीला चहा पाजला.
माणूस वाईट नाही. हे मी शपथेवरही सांगेन.
गणपतीची वर्गणी पहिली त्यांची.

तिसऱ्यांदा आत हैदर होता. सतरा वर्षांचा.
मागचं दार बाहेरून बंद,
रात्री माल जातो म्हणून.
कुलूप मीच दिलेलं.
दुसरी किल्ली घासू का, विचारलं होतं.
कशाला, म्हणाले. तीस रुपये वाचले.

शिवाजीनगर कोर्टाच्या जिन्यात
सरकारी वकीलबाई कलम समजावतात:
सहा महिन्यांपर्यंत, किंवा दोन हजार, किंवा दोन्ही.
हैदरच्या हातांचं कलम वेगळं.
आणि तिसऱ्यांदा असेल तर?
बाई फाईल चाळतात.
तेवढंच, म्हणतात.

निष्काळजीपणा म्हणजे काळजी नसणं,
इतकं मराठी मला येतं.
तीनदा नसणं, याला वेगळा शब्द हवा होता.
आमच्या धंद्यात तेच कुलूप तिसऱ्यांदा अडकलं
तर तेल सोडत नाही कुणी,
लिव्हर बदलतो.

बाकावर हैदर. दोन्ही मनगटांत
कागदी कप धरून बसलाय,
बोटं मिटत नाहीत.
माझ्याकडे बघून हसला. का हसला?

पुकारा झाला. पिंजऱ्यात तीन कागद पुढे आले.
ही सही तुमचीच?
होय.
वाचून केलीत?
पहिल्या कागदावरची सही फारच सुबक आहे,
पोरगा पहिल्यांदा नाव गिरवतो तशी.

खिशात हात गेला.
परवा रात्री, नंबरावरून,
दुसरी किल्ली घासली मी.
कुलूप मुद्देमालात जमा आहे.
लागते का, बघता येणार नाही.