चौकट

शनिवारी शाळा सुटली की हिर्लेकर सर
प्रयोगशाळेच्या खिडक्यांना गोणपाट लावायचे.
भिंतीवर चादर.
चादरीवर हळदीचा एक जुना डाग,
त्यामुळे कुठल्याही देशातला सिनेमा असो,
सूर्य डावीकडे, खाली, थोडा पुसट.

त्या दिवशी एक बाई वाटाणे सोलत होती.
चार मिनिटं. नुसती सोलत होती.
पोरं हसली, मग कंटाळली,
ओंकार पेडणेकरनं घोरून दाखवलं.
मग एक दाणा घरंगळत टेबलाखाली गेला.
बाई वाकली नाही.
गेला त्या दिशेला बघत राहिली
आणि आचऱ्याची वीज गेली.

पुढचं सांगणार नाही, सर काळोखातून म्हणाले.
सोमवारी रसग्रहण. वीस ओळी.

मला तीन सुचल्या.
त्यातल्या दोन गाईडमधल्यासारख्या.

मांगरात बाबा फणसाची फळी घेऊन उभे होते.
उजेडाकडे धरली, उलटी केली,
थुंकीचं बोट गाठीवरून फिरवलं,
परत उजेडाकडे.
करवत खुंटीलाच.
रोज बघते हे मी, पण मोजलं पहिल्यांदा:
चार मिनिटं.
कापा ना, म्हटलं.
"घाई कसली गो? लाकूड खय पळता?"

उरलेला तुकडा मी मागून घेतला.

खतावणीनं रेघ मारायची
आणि करवत रेघेच्या बाहेरून चालवायची,
कारण करवत आपल्या दातांएवढं लाकूड खाते.
हे मला सातवीपासून माहीत होतं.
त्या रात्री कळलं की सिनेमातही
एक दृश्य तुटतं नि दुसरं लागतं
तेव्हा मध्ये काहीतरी पडत असणार.
पायाशी बघितलं: पिवळा भुसा,
चपलेत, परकरावर, मांजराच्या पाठीवर.

पहिली साळ सैल झाली. कुसू आत डुगडुगायचा.
दुसरी फुटली.
तिसऱ्या वेळी पटाशी अंगठ्यात गेली,
त्याचा डाग अजून वरच्या पट्टीला आहे,
पॉलिश केलं नाही म्हणून दिसतो.
खिळा एकही नाही.
वहीएवढी चौकट, हातात धरायची.
काच नाही. चित्र नाही.

रविवारी पिरावाडीच्या धक्क्यावर
ती डोळ्यांसमोर धरून बसले.
एक होडी उजवीकडून आली, डावीकडे गेली,
मागे तिचा दोर उरला, थरथरत.
मग तोही थांबला.
मग कोणीतरी कोणालातरी सणसणीत शिवी दिली,
चौकटीच्या बाहेरून.
मान वळवायला किती सोपी असते.
मी दोराकडेच बघत राहिले
आणि वाटाणे सोलणारी ती बाई
माझ्या शेजारी येऊन बसल्यासारखी वाटली,
बाईच्या अंगाला बंदराचा वास.

सोमवारी वहीऐवजी तीच टेबलावर ठेवली.
सरांनी उचलली.
तिच्यातून आमच्याकडे बघितलं, पंख्याकडे,
गोणपाटाच्या भोकातून येणाऱ्या तिरिपेकडे.
घंटा झाली तरी बघत होते.
मार्क दहापैकी साडेसहा:
ओळी वीस सांगितल्या होत्या.
चौकटीला बाजू चारच असतात, हे मी म्हटलं,
पण जिना उतरल्यावर.

बाबांनी घरी गुण्या लावला.
"डावीकडे एक सूत कमी इला, हर्षला."
माहीत होतं मला.
दुरुस्त करून देऊ का, असं ते म्हणाले नाहीत.
चौकट त्यांनी करवतीशेजारच्या खुंटीला अडकवली.

आता तिच्यात मांगराची भिंत आहे,
चुन्याचा एक पोपडा, बाकी काही नाही.
फणसाचं लाकूड दर महिन्याला जरा जरा काळवंडतंय.
संध्याकाळी दिवा लावला की
खालच्या पट्टीवरून एक पाल वर चढते,
अर्ध्यात थांबते.
बाबांचा रंधा थांबतो, माझी पटाशी.
पाल हलत नाही.
आम्ही दोघंही कापत नाही.