निवृत्ती, लेव्हल एक

आमचा गडी चार वर्षं झोपला नाही.
मी रात्रपाळीला गेलो की सेबिन त्याला चालवायचा,
सेबिन दिवसपाळीला गेला की मी.
एक खाट दोघांनी आळीपाळीने वापरावी
तसा तो एक देह आम्ही वापरला:
खांद्यावर दुधारी कुऱ्हाड, लेव्हल बहात्तर,
तीन ड्रॅगन मारलेले,
चौथ्याने आम्हाला मारलेलं, सतरा वेळा.

मार्चमध्ये सेबिन कायमचा त्रिशूरला गेला.
कुकर मला दिला, इस्त्री मोइनुलला,
गडी स्वतःकडे ठेवला.
अकाउंट त्याच्याच ईमेलवर, बोलायला जागा नव्हती.
कुऱ्हाडीचे निम्मे पैसे माझे होते.
तो विषय मी काढला नाही.

मग काल, शुक्रवारी,
सोहारात बाहेर अठ्ठेचाळीस,
कॅम्पच्या भिंतीला हात लावला तर कातडी तिथेच राहील,
एसीखालची बादली अर्धी भरलेली,
मी 'न्यू कॅरेक्टर' दाबलं.

आधी जात विचारली.
दचकलोच.
मग कळलं, माणूस की एल्फ की बुटका.
माणूस.

धंदा विचारला.
माझ्या व्हिसावर गवंडी आहे; ओढतो मी केबल.
इथे तसलं काही नव्हतं, जे निवडाल तेच काम.
कुऱ्हाड पुरे झाली होती.
वैद्य झालो. हात ठेवला की जखम भरते,
थोडीशी. लेव्हल वाढली की जास्त.

मग चेहरा.
नाक बसकं करत नेलं, केस पिकवले,
कानाच्या पाळ्या जरा ओढल्या,
गालाचा स्लायडर डावीकडे सरकवता सरकवता
कोणीतरी ओळखीचं माझ्याकडे बघायला लागलं.
तिथे हात थांबला.

शेवटी नाव. लहू टाकलं.
हे नाव आधीच घेतलेलं आहे.
लहू एक, लहू नव्याण्णव, गेलेले.
लहूबार्शी, तेसुद्धा गेलेलं!
(कोण रे तू? कुठल्या गल्लीतला?)
तेव्हा हेल्मेटवर जे आहे ते टाकलं.
कंपनीने पासपोर्ट वाचताना एक ओळ चुकवली,
तेव्हापासून इथे मी बापाच्या नावाने वावरतो:
निवृत्ती, केबल ट्रे बघ. निवृत्ती, ओव्हरटाइम.
अख्ख्या सर्व्हरवर हे नाव
कुणी मागितलंच नव्हतं.
हिरवी खूण आली.

आणि माझा बाप, वायरमन,
ज्याने हयातीत उजनीएवढंच पाणी पाहिलं,
समुद्राच्या काठावर उभा राहिला
अनवाणी, हातात काठी,
श्वास घेताना खांदे वरखाली होणारा.

एका कोळिणीने सांगितलं, दहा खेकडे मारून आण.
चार झाले. पाचव्याने अर्धमेलं केलं
तेवढ्यात वाळूवरून घोडा आला.
वर आमचा गडी.

चार वर्षं मी त्याची फक्त पाठ पाहिली होती.
हा खेळ तसाच असतो, आपण कायम मागून चालतो.
तोंड आज दिसलं.
डाव्या भुवईवर व्रण. कधी काढला सेबिनने,
मला न विचारता?
उतरला, उभ्या जागी दोन उड्या मारल्या.
ही सेबिनचीच खोड;
प्लांटची बस उशिरा आली की खराखुरा सेबिनही
टाचा अशाच उचलायचा.

लेव्हल पाचपर्यंत बोलता येत नाही, असा नियम आहे.
म्हणून मी त्याच्यावर हात ठेवला.
त्याची लाल पट्टी केसभर पुढे सरकली असेल, नसेल.
तो वळला. बराच वेळ तसाच राहिला,
किंवा त्रिशूरला लाइट गेली असेल.

मग जाता जाता त्याने कुऱ्हाड उचलली
आणि मला चावणारा खेकडा एका घावात मारला.

तो माझ्या हिशेबात धरला गेला नाही.
अजून सहा.