पुढं सरका

एकतीस वर्षं मी एकच वाक्य बोललो.
गंगावेशीत बोललो, कळंब्याच्या वळणावर बोललो,
चैत्रात जोतिबाच्या जादा गाड्यांवर
घसा बसला तेव्हा हातानं बोललो :
पुढं सरका, पुढं जागा हाय.
नसायची.
माणूस सरकायचा, मग व्हायची.

निवृत्तीला डेपोनं शाल दिली, नारळ दिला,
आणि वर्कशॉपच्या पोरांनी वर्गणी काढून
दोन फुटांची काचेची टाकी.
शालन म्हणाली, आता हिच्यावरची धूळ कुणी पुसायची?
मी रिकामी गाडी बघून
हात शिवशिवणारा माणूस.

शाहूपुरीत शिकलगारचं दुकान.
रविवारी तिथं त्याचा भाचा बसतो, मागेल ते देतो.
चार गोल्डफिश. आठ गप्पी.
दोन एंजल, पदर सोडून उभे.
सहा टायगर बार्ब, अंगावर पट्टे,
नजर मागल्या सीटवरच्या पोरांची.
दोन शार्क, नावालाच, बोटाएवढे.
काच चाटतो म्हणून एक सकर.
तेवीस.
वेबिलात लिहावं तसं वहीत लिहून ठेवलं.

तिसऱ्या आठवड्यात पाणी ताकाच्या निवळीसारखं.
पहाटे सगळे वर, तोंडं उघडी,
खिडकी सापडत नसल्यासारखे.
एंजलचे पदर कुणी कातरले?
रात्री आठ गप्पी, सकाळी सहा, मग पाच.
प्रेत नाही, काही नाही.
कुठल्या स्टॉपवर उतरले?
एंजल शांत, पोट गोल.

बाटलीत पाणी घेऊन गेलो. शिकलगार स्वतः होता.
थेंब टाकले. पिवळं राहायचं ते हिरवं झालं.
"किती लिटर, मामा?"
पन्नास.
"आणि पाशिंजर?"
तेवीस म्हटल्यावर त्यानं चष्मा काढला.
"गोल्डफिशला गार पाणी लागतंय, एंजलला कोमट.
बार्बला लांब पदर दिसला की तोंड आवरत न्हाई.
एंजलच्या तोंडात मावंल ते त्याचं जेवण.
आणि तो सकर फूटभर हुतोय. फूटभर."
मी म्हणालो, बेचाळीसच्या गाडीत आम्ही नव्वद कोंबलेत.
सरकून घेतलं सगळ्यांनी.
तो म्हणाला,
"ती उतरत हुती, मामा.
ह्यास्नी स्टॉप कुठाय?
खाणं, हगणं, भांडणं, सगळं
त्याच पन्नास लिटरात."

एकदा रंकाळ्याच्या थांब्यावर एक बाई उतरली,
पायात चप्पल एकच.
दुसरी गर्दीत राहिली होती.
ती काहीतरी म्हणत होती.
मी डबल घंटी दिली.

झाकणाच्या बादलीतून अठरा जण परत नेले,
आमच्याच बसनं, दोन खेपांत.
नवा कंडक्टर म्हणाला, मामा, पुढं सरका.
सकर शेवटी सापडला. शालन म्हणाली,
एवढ्यासाठी परत शाहूपुरी? रंकाळा जवळ हाय.
पण शिकलगारनं बजावलं होतं :
ह्याला तिथं सोडलासा,
तर तिथल्यांनी कुठं जायचं?

आता पाच गप्पी.
आठवड्याला चौथाई पाणी बदलतो,
आदल्या रात्री भरून उघडं ठेवलेलं.
काच स्वच्छ. एवढी मोकळी जागा,
की मलाच अवघडल्यासारखं होतं.
येणारा जाणारा विचारतो, एवढेच?
मी म्हणतो, एवढेच.

आणि काल पहाटे हिरवळीमागं काहीतरी हललं.
पापणीच्या केसाएवढं.
मग दुसरं. मग मोजायला बसलो.
चौदा. विनातिकीट.
पाचांत एक बाई होती, मला कळलंच नव्हतं.
हात आपोआप छताकडं गेला,
जिथं घंटीची दोरी असायची.

शिकलगारला फोन लावला :
तुमच्याकडं जागा हाय का?
पलीकडं बराच वेळ
नुसता हवेच्या पंपाचा बुडबुडा.
मग तो म्हणाला,
"किती जणांची?"